काय सांगितले ते लिहिले, कसे सांगितले ते राहून गेले: रेटरिकल अ‍ॅनालिसिसबद्दल मार्गदर्शन हवे

माणदेशी (प्रश्न)

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून केली आणि गेल्या ऑगस्टपासून मी अमेरिकेत ओहायो राज्यातील एका विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. येथे शाखा कोणतीही असली तरी पहिल्या वर्षी इंग्रजी लेखनाचा वर्ग घ्यावाच लागतो. आमच्या वर्गाला मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र वाचायला दिले होते आणि त्याचे पाच पानांचे रेटरिकल अ‍ॅनालिसिस, म्हणजे पटवून देण्याच्या कलेच्या अंगाने विश्लेषण, लिहायचे होते.

मी ते पत्र तीनदा वाचले, शब्दकोश जवळ घेऊन वाचले, आणि मला ते मनापासून आवडले. वर्गात एथॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता), पॅथॉस (भावनांना आवाहन) आणि लोगॉस (तर्क) या तीन संकल्पना शिकवल्या होत्या, म्हणून मी तीन परिच्छेद केले आणि प्रत्येकात दोन-दोन उदाहरणे दिली. माझे थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचे मुख्य विधान, असे होते: किंग यांनी एथॉस, पॅथॉस आणि लोगॉस यांचा प्रभावी वापर करून आपले म्हणणे वाचकांना पटवून दिले आहे. मला सी ही मध्यम श्रेणी मिळाली. समासात बाईंनी लिहिले होते की किंग काय म्हणतात हे तुम्ही सांगितले आहे, त्यांचे म्हणणे कसे काम करते हे सांगितलेले नाही. पहिल्या परिच्छेदासमोर, जो मी शाळेतील सवयीप्रमाणे 'स्वातंत्र्य ही माणसाची जन्मजात ओढ आहे' अशा वाक्याने सुरू केला होता, फक्त एवढाच प्रश्न होता की हा परिच्छेद काढला तर निबंधाचे काय बिघडेल.

तिसरी गोष्ट सांगताना मला फार अवघड वाटते. चौथ्या पानावरील दोन वाक्ये मी एका संकेतस्थळावरून घेतली होती आणि त्यांतील काही शब्द बदलले होते. स्रोत दिला नव्हता. बाईंनी ती वाक्ये अधोरेखित केली आणि मला भेटायला बोलावले. त्यांनी तक्रार केली नाही, मात्र दहा दिवसांत संपूर्ण निबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितला आहे. आपण चोरी करीत आहोत असे लिहिताना मला खरोखर वाटले नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. 'कसे काम करते' म्हणजे नेमके काय लिहायचे? शाळेत निबंध लिहायला शिकलो ते सगळे येथे निरुपयोगी समजायचे का? आणि माझे इंग्रजी कमी पडते आहे की माझा विचारच कमी पडतो आहे, हे मला कळावे अशी माझी इच्छा आहे.

शिकवणारी

मी अमेरिकेतच रेटरिक या विषयात पीएच.डी. करीत आहे आणि त्यासोबत पाच वर्षे हाच पहिल्या वर्षाचा वर्ग शिकवीत आहे. तुम्ही वर्णन केला आहे तसा निबंध दर सत्रात माझ्यासमोर येतो आणि लिहिणारी बहुतेक मुले येथेच जन्मलेली, घरी इंग्रजीच बोलणारी असतात, तेव्हा हा दोष मराठी माध्यमाचा आहे ही समजूत आधी मनातून काढून टाका.

अडचण तुमच्या थीसिसमध्ये आहे. ते वाक्य किंग यांच्या पत्राला जितके लागू पडते तितकेच साबणाच्या जाहिरातीलाही लागू पडते. जे विधान कोणत्याही मजकुराला लावता येते ते या मजकुराविषयी काहीच सांगत नाही. एथॉस, पॅथॉस आणि लोगॉस हे तीन डबे नाहीत की त्यांत उदाहरणे भरून झाकणे लावली म्हणजे काम झाले. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या 'रेटरिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग, भीती, करुणा अशा एकेका भावनेचा विचार केला आहे आणि प्रत्येकीसाठी तीन प्रश्न विचारायला सांगितले आहे: ही भावना माणसाला कोणत्या मनःस्थितीत होते, कोणाविषयी होते आणि कोणत्या कारणाने होते. 'येथे पॅथॉस आहे' असे लिहिण्याऐवजी हे तीन प्रश्न त्या परिच्छेदाला विचारून पाहा. लिहिण्यासारखे पुष्कळ सापडेल.

त्याहून आधीचा प्रश्न मात्र असा की हे पत्र कोणाला लिहिले आहे. रेटरिकचे अभ्यासक लॉइड बिट्झर यांनी १९६८ साली 'रेटरिकल सिच्युएशन' ही कल्पना मांडली. बोलायला भाग पाडणारी निकड, ज्यांच्या हातून काही घडू शकते असे श्रोते, आणि बोलणाऱ्यावर असलेली बंधने, या तिन्हींचा एकत्र विचार करावा असे ते म्हणतात. १२ एप्रिल १९६३ रोजी अलाबामातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी एक निवेदन काढले. बर्मिंगहॅममधील वंशभेदाविरुद्धचे आंदोलन अवेळी आहे, काही अंशी ते बाहेरच्या लोकांच्या सांगण्यावरून चालले आहे आणि हक्कांची मागणी रस्त्यावर न करता न्यायालयात करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दिवशी किंग यांना अटक झाली. पत्रावर १६ एप्रिल ही तारीख आहे. त्या आठांत प्रॉटेस्टंट धर्मगुरू होते, एक कॅथलिक बिशप होते आणि एक ज्यू रब्बाय होते. आता अन्याय्य कायदा कोणता हे सांगताना किंग कोणाचे आधार घेतात ते पाहा: कॅथलिक परंपरेतील सेंट ऑगस्टीन आणि थॉमस अ‍ॅक्वायनस, ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर, प्रॉटेस्टंट पंडित पॉल टिलिक. 'किंग थोर विचारवंतांचे दाखले देतात, त्यामुळे त्यांचा एथॉस वाढतो' असे तुम्ही बहुधा लिहिले असेल. मी तुमच्या जागी असते तर असे लिहिले असते की आठांपैकी प्रत्येकाच्या घरातला माणूस साक्षीला उभा केला आहे, आणि त्यामुळे 'कायदा मोडणे चूक' असे म्हणायचे तर त्या धर्मगुरूला आधी स्वतःच्या परंपरेशी वाद घालावा लागतो. 'कसे काम करते' याचा अर्थ हा.

आणखी एक जागा दाखवते, कारण ती मला मराठीमुळे अधिक कळली. पत्राच्या पूर्वार्धात 'थांबा, घाई करू नका' या सल्ल्याला उत्तर देणारे तीनशेहून अधिक शब्दांचे एकच वाक्य आहे. ते 'जेव्हा तुम्ही' या शब्दांनी पुन्हा पुन्हा सुरू होत राहते. जेव्हा तुम्ही झुंडींनी माणसे मारलेली पाहिलेली असतात. जेव्हा तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला, दूरचित्रवाणीवर जाहिरात झालेल्या बागेत तिला का जाता येणार नाही, हे समजावताना तुमची जीभ अडखळते. जेव्हा कोणतेही मोटेल घेत नाही म्हणून तुम्हाला रात्रीमागून रात्र मोटारीतच अवघडून झोपावे लागते. प्रत्येक तुकड्यानंतर अर्धविराम येतो, पूर्णविराम येत नाही. मराठी माणसाच्या कानाला 'जेव्हा' ऐकले की 'तेव्हा'ची ओढ लागते, आणि येथे तो 'तेव्हा' शेवटपर्यंत मिळत नाही. तो येतो त्या वेळी एवढेच सांगतो की थांबणे आम्हाला का कठीण जाते ते आता तुम्हाला कळेल. थांबायला सांगणाऱ्या वाचकाला त्या वाक्याने थांबायला लावलेले असते. शिवाय 'आम्ही' असे न म्हणता किंग येथे 'तुम्ही' म्हणतात, म्हणजे मुलीला उत्तर देण्याची पाळी त्या धर्मगुरूवरच येते. या एका वाक्यावर तुमचे पूर्ण पान होऊ शकते आणि ते व्हावे असे मला वाटते.

वऱ्हाडी मास्तर

मी विदर्भातील एका महाविद्यालयातून इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. तू वयाने माझ्या नातवासारखा आहेस, म्हणून एकेरी लिहितो. शिकवणाऱ्या बाईंनी लिहिले आहे ते योग्यच आहे. मी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो.

शाळेत शिकलास त्यातले काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे नीट पाहा. दहावीच्या भाषेच्या पेपरात 'अलंकार ओळखा' असा प्रश्न असे. अनुप्रास लिहिले की गुण मिळाला. त्या अनुप्रासाने कवितेत काय केले हे कोणी विचारत नसे. तू एथॉस-पॅथॉस तसेच ओळखून मोकळा झालास. ही सवय सोड. सुविचाराने निबंधाची सुरुवात करण्याची सवयही सोड, कारण तो निबंध कोणत्याही वाचकासाठी होता आणि हा एका विशिष्ट वाचकासाठी आहे. मुद्दे काढून, त्यांचा क्रम लावून मगच लिहायला बसण्याची सवय मात्र सोडू नकोस. ती तुला आयुष्यभर पुरेल.

आपल्याकडे निबंधाहून जुनी अशी एक शिस्त आहे आणि ती तुला शाळेत कोणी सांगितली नसावी याची मला खंत वाटते. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडतात, आणि तो प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या चोखपणे मांडावा लागतो. मग उत्तरपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. डोंगरही तसाच धुराने युक्त आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. तुझे अमेरिकन शिक्षक ज्याला 'क्लेम' म्हणतात ती प्रतिज्ञा आणि ज्याला 'एव्हिडन्स' म्हणतात त्याच्या जवळ जाणारा तो हेतू. तुझ्या निबंधात 'जेथे धूर तेथे अग्नी' ही पायरीच नाही. तू उदाहरण देतोस आणि लगेच निष्कर्षावर उडी घेतोस. अवतरण दिल्यानंतर ते तुझ्या म्हणण्याला का आधार देते हे सांगणारी दोन-तीन वाक्ये प्रत्येक ठिकाणी लिहायला लाग.

किंग यांच्या पत्रासोबत आणखी एक मजकूर ठेवून पाहा, म्हणजे डोळे उघडतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी अध्यक्षीय भाषण म्हणून लिहिले गेले. मजकूर पाहून मंडळाने बदल सुचवले, बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन झालेच नाही आणि त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. किंग यांच्यावर 'बाहेरचा माणूस' हा आरोप आला होता. त्याचे उत्तर ते पायरीपायरीने देतात: आधी आपण ज्या संघटनेचे अध्यक्ष आहोत तिच्याशी संलग्न स्थानिक संघटनेने बोलावले म्हणून आलो, मग बायबलमधील संदेष्टे आणि सेंट पॉलही गाव सोडून गेले होते, आणि शेवटी एका ठिकाणचा अन्याय सर्व ठिकाणच्या न्यायाला धोका असतो. बाबासाहेब भाषणाच्या आरंभीच तोच आरोप स्वतःवर ओढवून घेतात: लाहोरच्या सभेला मुंबईचा माणूस कशाला, असे मंडळाला विचारले जाईल. पुढे ते शास्त्रवचने आणि रामदासांचा 'दासबोध'ही पुढे ठेवतात, की अंत्यज पंडित असला तरी त्याला गुरू करू नये. आणि याचे उत्तर ते स्वतः देतच नाहीत. ते मंडळावर सोपवतात. किंग आरोप खोडून काढतात, बाबासाहेब तो अधिक धारदार करून श्रोत्यांच्या हातात देतात. जातीची बंधने मोडायला निघालेल्या मंडळाला अध्यक्ष निवडतानाच त्या बंधनांशी गाठ पडली, हे त्यातून आपोआप सिद्ध होते. हे तुझ्या निबंधात घालायचे नाही, ती नेमणूक वेगळी आहे. पण एकाच आरोपाला दोन माणसे दोन प्रकारे सामोरी जातात हे पाहिलेस की किंग यांनी जे केले ती त्यांची निवड होती हे तुला दिसेल, आणि विश्लेषण निवडीचेच करायचे असते.

इंदूरकर

वरील दोन्ही उत्तरे आवडली. मला एक भर घालावीशी वाटते. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅपलन यांनी १९६६ साली एका लेखात वेगवेगळ्या भाषकांच्या परिच्छेदरचनेची चित्रे काढून दाखवली होती. इंग्रजीची रेषा सरळ खाली येते, तर ज्यांना त्यांनी 'ओरिएंटल' म्हटले त्या भाषांची रेषा मुद्द्याभोवती गोल गोल फिरत आत जाते. आपण मराठी माणसे प्रस्तावना लांबवतो, मूळ मुद्द्याला उशिरा हात घालतो, हे मला स्वतःच्या नोकरीतील अहवाल लिहितानाही जाणवले आहे. तेव्हा हा मनोरचनेचा फरक आहे हे मान्य करूनच पुढे जावे, असे मला वाटते.

शिकवणारी

इंदूरकर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कॅपलन यांनी परभाषिक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून त्यांच्या मातृभाषेविषयी अनुमान केले होते. नवशिक्या लेखकाच्या चुकांवरून त्याच्या समाजाची विचारपद्धती ठरवता येत नाही, अशी टीका त्यावर झाली आणि पुढे कॅपलन यांनी स्वतःही त्या मांडणीला मुरड घातली. लोकमान्य टिळकांचे अग्रलेख घ्या. त्यांत मुद्द्याला उशिरा हात घातला आहे असे कोण म्हणेल? आपण प्रस्तावना लांबवतो ती परीक्षेत तिला गुण मिळतात म्हणून. प्रशिक्षणाने लागलेली सवय प्रशिक्षणानेच जाते, आणि 'माझे मनच असे आहे' अशी समजूत एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसली तर ती निघायला फार वर्षे लागतात. यासाठीच मी एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

काठावरची

मी दोन वर्षे माझ्या विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, काम केले आहे. उसन्या वाक्यांच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि दहा दिवसांची मुदत पाहता मला तोच सर्वांत तातडीचा वाटतो.

माणदेशी, तुम्ही जे केले ते येथील नियमांनुसार वाङ्मयचौर्यातच मोडते, हेतू काहीही असो. ते करणारी बहुतांश मुले चोर नसतात, हेही तितकेच खरे आहे. गाइडमधील उत्तर जितके जसेच्या तसे उतरेल तितके गुण अधिक, असे आपण बारावीपर्यंत शिकलेलो असतो. दुसऱ्याच्या वाक्याची चौकट तशीच ठेवून त्यातले शब्द बदलत जाण्याला येथे 'पॅचरायटिंग' असे नाव आहे, आणि मजकूर अर्धवट समजला असताना ते हातून सर्वांत जास्त होते.

मला स्वतःला उपयोगी पडलेली रीत सांगते. स्रोतातील परिच्छेद वाचा, लॅपटॉप बंद करा आणि त्यात काय म्हटले आहे ते वहीत मराठीत लिहा, जणू घरी आईला फोनवर समजावून सांगत आहात. मराठीत लिहिता आले नाही तर तो परिच्छेद समजलेला नाही; पुन्हा वाचा. लिहिता आले तर दुसऱ्या दिवशी केवळ त्या मराठी टिपणावरून इंग्रजी वाक्ये लिहा. मूळ लेखकाची वाक्यरचना मराठीतून जाताना गळून पडते. मात्र वाक्ये तुमची झाली तरी विचार त्यांचाच राहतो, म्हणून वाक्याच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव आणि पृष्ठक्रमांक द्यायचाच, आणि संकेतस्थळाला पृष्ठक्रमांक नसेल तर केवळ आडनाव. टिपणवहीत स्रोत त्याच क्षणी लिहून ठेवा. नंतर शोधू म्हटले की सापडत नाही.

बाईंना भेटायला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका. जुन्या निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदासमोर, हा परिच्छेद काय सांगतो आणि कशासाठी आहे, अशी दोन वाक्ये लिहून न्या. 'कशासाठी' लिहिता येत नाही तो परिच्छेद कोणता हे तुम्हालाच आधी कळेल.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. मी चार दिवस वरील उत्तरे पुन्हा पुन्हा वाचली. काठावरची ताईंनी सांगितल्याप्रमाणे परिच्छेदांसमोर वाक्ये लिहिली, तेव्हा सहापैकी चार परिच्छेदांसमोर 'किंग असे म्हणतात' यापलीकडे मला काहीच लिहिता आले नाही. काल बाईंना भेटलो. त्या मराठी टिपणांची वही पाहून त्यांनी ती वर्गात दाखवण्याची परवानगी मागितली.

आता नवे थीसिस असे आहे: धर्मगुरूंनी दिलेला 'थांबा' हा सल्ला किंग थेट फेटाळत नाहीत, ते धर्मगुरूंच्याच परंपरेतील साक्षीदार उभे करतात आणि एका लांबलचक वाक्यात त्यांना कृष्णवर्णीय बापाच्या जागी उभे करतात, त्यामुळे हा सल्ला स्वतःला देणे किती कठीण आहे हे त्यांना अतिशय प्रभावीपणे जाणवते. मास्तर, 'बाहेरचा माणूस' हा भाग मी वेगळ्या परिच्छेदात घेतला आहे, पण तो या थीसिसखाली नीट बसत नाही असे वाटते. तो काढू का?

शिकवणारी

आठवड्यापूर्वीच्या थीसिसशेजारी हे ठेवून पाहा. आता हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही पत्राला लावता येणार नाही. दोन दुरुस्त्या सुचवते. 'अतिशय प्रभावीपणे' हे शब्द काढा, कारण ते तुमचे मत आहे आणि निबंधाने ते सिद्ध करायचे आहे. 'त्यांना जाणवते' याऐवजी 'त्यांना जाणवावे अशी रचना केली आहे' असे लिहा. धर्मगुरूंना प्रत्यक्षात काय जाणवले याचा पुरावा पत्रात नाही, रचनेचा पुरावा मात्र प्रत्येक ओळीत आहे.

वऱ्हाडी मास्तर

तो परिच्छेद काढू नकोस, पुढे आण. संदेष्टे आणि सेंट पॉल हेही धर्मगुरूंच्याच घरचे साक्षीदार आहेत. म्हणजे ऑगस्टीन-बूबर यांच्या आधीच किंग यांनी साक्षी काढायला सुरुवात केलेली आहे, आणि तुझ्या थीसिसचा पहिला अर्धा भाग तेथूनच सुरू होतो. नवा मसुदा झाला की येथे टाक, मी वाचीन.